घरी कागद करायचाय? आदल्या आठवड्यापासून लागा

रविवारी मुलांना घेऊन हाताने कागद करायचा असेल, तर आदल्या रविवारीच चिंध्या शोधायला घ्या. इ. स. १०५ मध्ये चीनच्या हान घराण्याच्या दरबारातल्या त्साय लुनने सम्राटाला कागदाची कृती सादर केली, ती झाडाची साल, भांगेच्या झाडाचा वाख, चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळी यांची. कागद चीनमध्ये त्याच्या आधीही होता. पण लिहायचं म्हटलं तर रेशीम महाग आणि बांबूच्या पट्ट्या जड, या अडचणीवर टाकाऊ वस्तूंतून तोड निघाली, हे मला फार मोलाचं वाटतं. म्हणून तयार लगदा विकत आणू नका. धुऊन धुऊन विरलेलं सुती धोतर काढा. टेरिकॉट अजिबात नको, त्याचा लगदाच होत नाही. शंभरेक ग्रॅम कापड वीसएक छोट्या कागदांना पुरेल.

गुरुवारी कापडाचे नखाएवढे तुकडे करून भिजत घाला. शुक्रवारी धुण्याच्या सोड्यात दोन-तीन तास उकळा, तेही स्टीलच्याच पातेल्यात, कारण सोडा ॲल्युमिनियम खातो. हे काम मोठ्यांनीच करायचं. मग पाणी नितळ निघेपर्यंत धुवा.

शनिवार कुटण्यासाठी राखून ठेवा. खलबत्त्यात थोडं थोडं कुटा, नंतर भरपूर पाणी घालून मिक्सरमधून थांबत थांबत फिरवा. इथे कंटाळा केलात तर कागद हातातच फाटेल. कुटल्याने तंतू पिंजतात, सुकताना एकमेकांना घट्ट धरतात, आणि कागदाची सगळी ताकद त्या पकडीत असते; गोंद लागत नाही.

रात्री झोपण्यापूर्वी पाच-सहा भेंड्या चिरून पाण्यात टाका. चीनमध्ये भेंडीच्याच कुळातल्या एका झाडाच्या मुळांचा बुळबुळीत रस लगद्याच्या पाण्यात घालतात. त्यामुळे तंतू तळाशी न बसता तरंगत राहतात, गुठळ्या होत नाहीत. सकाळी आपलं भेंडीचं पाणी गाळून तसंच वापरा.

टबातल्या पाण्यातून लगद्याचा पातळ थर उचलायला जुन्या फोटोफ्रेमच्या चौकटीवर मच्छरदाणीची जाळी ताणून ठोकून ठेवा. ती आडवी बुडेल एवढा टब, ओले कागद उपडे करायला सुती फडकी, दाबायला दोन फळ्या आणि वर वजन. वाळवण्यासाठी खिडकीची काच पुसून ठेवा. चीनच्या आन्ह्वे प्रांतातल्या चिंग परगण्यात ‘श्वान’ नावाचा, सुलेखनाचा आणि चित्रांचा कागद करणारे कारागीर आजही ओले ताव गरम भिंतीवर ब्रशने चिकटवून वाळवतात. काचेला लागलेली बाजू गुळगुळीत निघते.

शाईने लिहायचं असेल तर भाताची पातळ पेज करून ठेवा. वाळलेल्या कागदावर तिचा हात फिरवला की शाई फुटत नाही.

उरलेला लगदा मोरीत ओतू नका, नळी तुंबते. फडक्यातून गाळा, गोळे करून उन्हात वाळवा. पुढच्या खेपेला भिजवले की चालतात.