उन्हाळ्यात गोदामातली मांजर सांभाळताना या चुका टाळा

होळीच्या आसपास चना, गहू घरात येते, तूर कट्ट्यात भरलेली असते, वावर एकदम रिकामं होते अन् वावरातले उंदीर सरळ घराकडे, गोदामाकडे वळतात. म्हणजे मांजरीचं खरं काम वाढते ते ऐन उन्हाळ्यात. अन् आपल्याकडचा उन्हाळा कसा राहते ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको, नागपूरला २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता, नवतपात (मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत) तर रात्रीसुद्धा भिंतीला हात लावला की चटका बसते. बैलाला आपण ऊन चढायच्या आत सोडतो, सावलीत बांधतो, पाणी दाखवतो, पण मांजरीचं म्हटलं की सगळे म्हणतात, "तिचं ती पाहून घेते." नाही पाहून घेता येत तिला. आपण दार लावलं, विष ठेवलं, पाणी दिलं नाही तर ती काय करणार? मला ह्या कामाच्या मांजरी मनापासून आवडतात, म्हणून दरवर्षी गावोगावी ज्या चुका होताना दिसतात त्या इथे लिहून राहिलो.

टिनाच्या गोदामात कोंडणं

रात्रभर उंदीर धरेल म्हणून संध्याकाळी मांजर आत टाकायची अन् सकाळी कुलूप लावून वावरात निघून जायचं, ही सगळ्यात मोठी चूक. टिनाखाली दुपारी बाहेरच्यापेक्षाही जास्त तापते. मांजरीच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ डिग्री राहते अन् घाम तिला येतो तो पंजाच्या गाद्यांतून, बाकी अंगावर जवळपास नाहीच. कधी दुपारी ती फरशीवरून गेल्यावर मागे पाहा, पंजाचे ओले ठसे उमटलेले दिसतात अन् पाहता पाहता वाळून जातात. बाकी अंग ती चाटून ओलं करते, ती लाळ वाळली की थंडावा मिळतो, पण त्यासाठी हवा खेळती पाहिजे अन् पोटात पाणी पाहिजे. बंद गोदामात दोन्ही नाही.

गोदामाच्या दाराला खालच्या कोपऱ्यात वीतभर चौकोन कापा, म्हणजे तिला वाटेल तेव्हा आत-बाहेर करता येते. भोकातून उंदीर येतील म्हणाल तर ते तसेही येतातच. अन् मांजर शिकार करते ती जास्त करून संध्याकाळी, रात्री अन् पहाटे, दुपारी ती झोपली असली तर तिला उठवून कट्ट्यांवर सोडण्यात काहीच अर्थ नाही. तिला झोपू द्या. झोपायची जागा पण ती स्वतःच शोधते, आमच्याकडची रांजणाखालच्या ओल्या रेतीत पोट टेकवून पडते, पाझरलेल्या पाण्याचा थेंब कानावर पडला की कान तेवढा हलवते अन् परत झोपते. फक्त ट्रॅक्टर सुरू करायच्या आधी खाली अन् बोनेटमध्ये एकदा नजर टाका, सावली दिसली की तिथे पण जाऊन बसते.

पाणी एकाच जागी, तेही उन्हात

चार किलोच्या मांजरीला दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. ढोराच्या हौदावर तिचं भागते असं समजू नका, पाणी खाली गेलं की तिचं तोंड पुरत नाही अन् पिल्लू वाकलं तर आतच पडते. हौदात एक मोठा दगड ठेवा, पडलेल्याला चढून बाहेर येता येते. तिच्यासाठी मातीचं पसरट परळ वेगळं ठेवा, दोन-तीन जागी, कुत्र्यापासून दूर अन् खाण्याच्या वाटीला चिकटून नको, बऱ्याच मांजरी खाण्याजवळचं पाणी पीत नाहीत.

दुधाचं पण सांगतो कारण लोकांना पटत नाही. मोठ्या मांजरीला दूध बहुतेक वेळा पचत नाही, पोट बिघडते, पातळ शी होते अन् उन्हात आधीच कमी असलेलं पाणी त्याच्यातून निघून जाते. दूध म्हणजे पाणी नाही. खायला उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचे चिकनचे तुकडे चालतात, कांदा-लसणाचा रस्सा मात्र विषच समजा. सुकट द्यायचीच तर चांगली धुऊन, मीठ काढून. अन् सकाळी ठेवलेलं खाणं दुपारपर्यंत आंबते, उरलं ते उचलून टाका.

"उपाशी ठेवली की उंदीर धरते"

हा समज काहून जात नाही कोण जाणे. मांजर पोट भरलेलं असलं तरी शिकार करते, ती तिची उपजत सवय आहे, भुकेवर अवलंबून नाही. उपाशी मांजर उन्हात अशक्त होते अन् खाणं शोधत दुसऱ्याच्या घरी जाते, मग तुमचे उंदीर तसेच. सकाळ-संध्याकाळ पोटाला दिलं तर ती तुमच्याच वाड्यात राहते, अंगात ताकद राहते, अन् काम चांगलं करते.

मांजर पण अन् उंदराचं औषध पण

यावर मला खरंच राग येते. पेरणीच्या आधी लोक ब्रोमाडिओलोनचे केक आणून ठेवतात. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन फिरत राहते, अन् मांजरीच्या तावडीत आधी तोच सापडते. मग रक्त गोठणं बंद होऊन तिला आतल्या आत रक्तस्राव होते. यावर व्हिटॅमिन के१ हा उपाय आहे पण तो डॉक्टरनंच अन् लवकर द्यायला पाहिजे. झिंक फॉस्फाइडला तर उताराच नाही. धान्यात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकून खोली बंद करणार असाल तर आधी मांजर अन् पिल्लं बाहेर आहेत का ते डोळ्यांनी पाहा, त्या गोळ्यांतून निघणारा गॅस माणसालाही सोडत नाही.

कोठ्यात (ढोराच्या गोठ्यात) गोचिडासाठी फवारणी करता तेव्हाही तसंच. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनसारखी औषधं ढोराला चालतात पण मांजरीला झेपत नाहीत, ती पंजे चाटते अन् थरथरायला लागते. जमीन पूर्ण वाळेपर्यंत तिला तिकडे फिरकू देऊ नका. परमेथ्रिनवाली कुत्र्याची पावडर मांजरीला कधीच लावू नका.

ऊन लागलं की काय करता

कुत्रा जीभ काढून धापा टाकते ते नेहमीचं, पण मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागली की समजा प्रकरण गंभीर आहे. लाळ गळते, झोक जाते, उलटी होते. ओठ वर करून हिरड्या पाहा: ऊन लागलं असेल तर सुरुवातीला बहुधा लालभडक, विषानं आत रक्त जात असेल तर पांढऱ्या फटक. डॉक्टरला फोनवर हेच आधी सांगा.

लोक अशा वेळी बर्फाचं पाणी ओततात, तसं नका करू, वरच्या रक्तवाहिन्या आकसतात अन् आतली गरमी आतच राहते. साध्या पाण्यानं पोट, पंजे, कान भिजवा अन् पंखा लावा. तोंडात पाणी ओतू नका, श्वासनळीत जाते, समोर ठेवा, पिली तर पिली. अन् अंग गरम लागते म्हणून पॅरासिटामॉल तर बिलकूल नाही, अर्धी गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेऊ शकते, तिच्या लिव्हरला ते औषध पचवताच येत नाही.

पांढऱ्या कानाची मांजर असेल तर कानाचे शेंडे पण पाहत जा, उन्हानं सोलवटतात अन् वर्षानुवर्षं तसंच चाललं तर तिथे कॅन्सर होऊ शकते.

शेवटचं म्हणजे दवाखान्यात नेणं. थैलीत कोंबून, तोंड बांधून दुपारी गाडीवर नेतात अन् अर्धी लढाई रस्त्यातच हरतात. भाजीच्या दोन प्लास्टिक क्रेट घ्या, एक उलटी वर ठेवून चारी बाजूंनी सुतळीनं बांधा, आत ओलं पोतं अंथरा, वर ओला दुपट्टा टाका पण बाजूनं हवा मोकळी ठेवा. तब्येत थोडीफार बिघडली असेल तर सकाळी ऊन चढायच्या आत निघा. पण धापा टाकत असेल तर वेळ पाहू नका, आधी भिजवा अन् लगेच निघा, क्रेट कोणाच्या तरी मांडीवर घेऊन, रस्त्यात पाणी शिंपडत.