जुन्या दारे-खिडक्यांना पुन्हा ऑइल पेंट लावताना शरीर, घर आणि पाणी कसे सांभाळावे

रंगाचा वास गेला की धोका टळला, असे आपण धरून चालतो. ऑइल पेंट, पॉलिश आणि थिनरच्या बाबतीत हा हिशेब साफ चुकतो. जुन्या रंगातल्या शिशाच्या धुळीला वासच नसतो. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशच्या हार्डनरमधले, म्हणजे ते कडक करणाऱ्या दुसऱ्या डब्यातले, आयसोसायनेट हे रसायन नाकाला जाणवण्याआधीच फुप्फुसांना इजा करू शकते. थिनरचा उग्र दर्पही काही वेळाने कळेनासा होतो, कारण नाक त्याला सरावते. हवेतली वाफ मात्र तेवढीच राहते.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ साली रंगाऱ्याचा व्यवसायच माणसाला कर्करोग देणाऱ्या कारणांच्या गटात टाकला. रोज हेच काम करणाऱ्याची आणि कधीतरी हौसेने ब्रश हातात घेणाऱ्याची जोखीम सारखी नाही, हे खरे. पण घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर एकदाच केलेले कामही महागात पडू शकते. आणि काम रंगाऱ्याकडून करून घेत असाल, तर पुढची सगळी काळजी त्याच्यासाठीही घ्यायची आहे.

१. खरवडण्याआधी खाली काय आहे ते पाहा

नव्या डब्यापेक्षा जुना थर जास्त घातक असू शकतो. रंग लवकर वाळावा, टिकावा आणि पिवळा-नारिंगी झळाळावा म्हणून त्यात पूर्वी शिशाची संयुगे सर्रास घालत. अमेरिकेने १९७८ साली घरगुती रंगातल्या शिशावर बंदी घातली. बऱ्याच देशांत तसे नियम कित्येक दशके उशिरा आले, काही ठिकाणी अजूनही आलेले नाहीत. त्यामुळे दार जितके जुने, तितका संशय जास्त.

एखाद्या कोपऱ्यात, जिथे दिसणार नाही तिथे, धारदार पात्याने तिरका छेद घ्या. भिंग धरले की एकावर एक चढवलेले थर स्पष्ट दिसतात. वरचा पांढरा कालपरवाचा असेल, पण त्याखाली हिरवा, मग पिवळा आणि लाकडाला चिकटलेला जुना पांढरा निघाला, तर तपासणी करायची ती या सगळ्या थरांची. लोखंडी ग्रिलवर तळाशी भडक नारिंगी थर दिसला, तर तो शिशाचा प्रायमर असू शकतो. विटकरी तांबडा रेड ऑक्साइड वेगळा, तो लोहाचा असतो. मात्र नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही. प्रयोगशाळेत नमुना द्या किंवा एक्स-रे उपकरणाने तपासून घ्या. यातले काहीच जमत नसेल, तर शिसे आहे असे गृहीत धरूनच काम करा.

एवढा आग्रह का? शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलांचे शरीर मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शोषून घेऊ शकते. मूल जमिनीवर रांगते, हात तोंडात घालते; दाराच्या चौकटीवरून झडलेली धूळ नेमकी तिथेच बसलेली असते. मेंदूला झालेली इजा नंतर भरून येत नाही.

जुना रंग घट्ट असेल, पोपडे निघत नसतील, तर तो खरवडूच नका. वरून ओलसर फडक्याने पुसा, चिकटणारा प्रायमर लावा आणि त्यावर नवा हात द्या. धडधाकट थराखाली दबलेले शिसे धुळीत उडालेल्या शिशापेक्षा कितीतरी बरे. अपवाद खिडकीच्या खाचांचा आणि दाराच्या कडांचा. तिथे उघडझाप करताना रंग सतत घासला जातो आणि रोज थोडी थोडी धूळ पडत राहते, म्हणून तो काढावाच लागतो.

२. खोली रिकामी करा

मुले, गरोदर स्त्री, दमेकरी आणि पाळीव प्राणी यांना काम आणि साफसफाई पूर्ण होईपर्यंत दुसरीकडे ठेवा. गाद्या, खेळणी, पडदे बाहेर न्या. जे हलत नाही ते जाड प्लास्टिकने झाका, जमिनीवरही प्लास्टिक अंथरून कडांना चिकटपट्टी लावा. खरवडताना एसी आणि पंखा बंद ठेवा, नाहीतर धूळ सगळ्या घरभर जाईल.

३. खरवडायचेच असेल तर ओले करून

सगळ्यात जास्त नुकसान होते ते इथे. कोरडा पॉलिश पेपर घासणे, ग्राइंडर किंवा सँडर चालवणे, ब्लो टॉर्चने रंग जाळणे, हे तिन्ही प्रकार शिशाच्या रंगावर करायचेच नाहीत. घासल्याने शिशाची बारीक धूळ उडते, जाळल्याने धूर होतो, आणि दोन्ही थेट श्वासात जातात. हीट गन वापरायचीच असेल, तर तापमान ५९० अंश सेल्सिअसच्या बरेच खाली ठेवा.

योग्य पद्धत संथ आहे. एका हातात पाण्याची फवारणीची बाटली, दुसऱ्या हातात खरवडायचा पत्रा. वीतभर भाग भिजवा, खरवडा, पुन्हा भिजवा. पोपडे ओले असतानाच प्लास्टिकवरून गोळा करून पिशवीत बंद करा. विजेच्या बटणांजवळ पाणी मारण्याआधी मेन स्विच बंद करा.

तोंडावर साधा कापडी रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही. एन९५ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा. दाढी असेल तर कडेने हवा आत येते आणि मास्कचा उपयोग राहत नाही. मध्ये चहा-पाणी, तंबाखू काही नको. हात आणि तोंड धुतल्याशिवाय ओठांना बोटही लावू नका.

काम संपल्यावर झाडू मारू नका. झाडूने धूळ पुन्हा हवेत उठते. हेपा, म्हणजे अतिशय बारीक धूळही अडवणारी, गाळणी असलेला व्हॅक्यूम असेल तर तो फिरवा, नाहीतर साबणाच्या पाण्याने पुसा, पाणी बदला, पुन्हा पुसा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवा.

रंग विरघळवणारे रसायन, म्हणजे पेंट रिमूव्हर आणायचे झाले, तर लेबलवर मिथिलिन क्लोराइड किंवा डायक्लोरोमिथेन आहे का ते वाचा. असेल तर परत ठेवा. शरीरात गेल्यावर त्याचे कार्बन मोनॉक्साइड बनते. बाथटबचा जुना लेप काढताना बंद न्हाणीघरात कामगार यामुळे मेले आहेत. अमेरिकेत २०१९ पासून घरगुती ग्राहकांना असे रिमूव्हर विकता येत नाही.

४. डबा उघडण्यापूर्वी वाचा

लाल चौकटीतल्या चित्रांकडे पाहा. ज्वाला म्हणजे पेट घेणारे. माणसाच्या छातीवर चांदणी असेल, तर दीर्घकाळात अवयवांना इजा, कर्करोग किंवा श्वसनाची ॲलर्जी यांपैकी काही. मेलेला मासा आणि वठलेले झाड म्हणजे पाण्यातल्या जिवांना घातक. कंपनीकडे मागितल्यावर सोळा विभागांचे सुरक्षा माहितीपत्रक मिळायला हवे. घटक, प्रथमोपचार आणि विल्हेवाट हे भाग तरी नजरेखालून घाला. शिशासाठी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने सुचवलेली मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी आहे.

पाण्यात मिसळणारा रंग मिळत असेल तर तोच घ्या. वाफा बऱ्याच कमी होतात. तरी हातमोजे घाला. डब्यात बुरशी येऊ नये म्हणून त्यात आयसोथायझोलिनोन जातीची रसायने असतात आणि काहींच्या त्वचेला त्यांनी चांगलाच पुरळ उठतो.

५. रंग लावताना हवा खेळती ठेवा

समोरासमोरची दोन दारे किंवा खिडक्या उघड्या हव्यात. पंखा ताजी हवा आत येते त्या बाजूला ठेवा, म्हणजे वाफेने भरलेली हवा त्याच्या मोटरवरून जाणार नाही. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोचू शकते, म्हणून गॅस, दिवा, सिगारेट सगळे बंद. रात्री त्याच खोलीत जमिनीवर अंथरूण टाकून झोपू नका.

धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफांसाठीची सक्रिय कोळशाची डबी असलेला रेस्पिरेटर लागतो. डोके जड झाले, चक्कर आली, दारू प्यायल्यासारखे वाटले, तर काम तिथेच थांबवा. याच वाफा सूर्यप्रकाशात धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडशी मिळून जमिनीलगतचा ओझोन बनवतात, म्हणजे खिडकीबाहेर गेल्या म्हणून त्या संपत नाहीत.

दोन डबे एकत्र करून लावायचे पीयू पॉलिश घरच्या घरी स्प्रेने मारू नका, हे माझे स्पष्ट मत आहे. त्यातल्या आयसोसायनेटची एकदा ॲलर्जी जडली की पुढे किंचितशा मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. युरोपीय संघात २४ ऑगस्ट २०२३ पासून ०.१ टक्क्याहून जास्त डायआयसोसायनेट (आयसोसायनेटचाच एक प्रकार) असलेला माल वापरण्याआधी कामगारांना प्रशिक्षण घेणे सक्तीचे आहे. ते काम तयारीच्या माणसाकडेच द्या.

६. फडक्यांचे गोळे करून ठेवू नका

या पायरीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते. जवसाच्या तेलाने, वॉर्निशने किंवा तेलाच्या पॉलिशने भिजलेले फडके वाळते ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन, आणि त्यात उष्णता निघते. फडके पसरलेले असेल तर ती उडून जाते. चुरगळून कोपऱ्यात टाकले, तर ओल्या गवताच्या गंजीसारखी आतल्या आत कोंडते आणि काही तासांनी, काडी न लावता, पेट घेते. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला लागलेली आग जवसाच्या तेलाच्या अशाच चिंध्यांतून सुरू झाली होती. तीन अग्निशामक जवान त्यात मेले.

फडकी एकेक करून मोकळ्यावर, सावलीत, एकावर एक न येतील अशी पसरा. पूर्ण कडक वाळली की मगच टाका. लगेच टाकायचीच असतील, तर पाण्याने भरलेल्या, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

७. उरलेला रंग मोरीत ओतू नका

ब्रश धुण्याआधी तो जुन्या कागदावर पुसून घ्या, रंगाचा मोठा भाग तिथेच निघतो. ऑइल पेंटचा ब्रश थोड्याशा टर्पेंटाइनमध्ये धुवा आणि ते झाकणबंद बरणीत ठेवा. काही दिवसांत गाळ खाली बसतो. वरचे स्वच्छ टर्पेंटाइन पुन्हा वापरता येते. ती बरणी पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीसारखी दिसता कामा नये, आणि तिच्यावर ठळक नाव हवे. पाण्यातला रंग थोडाच उरला असेल, तर त्यात लाकडाचा भुसा किंवा वाळू मिसळून घट्ट होऊ द्या आणि मगच कचऱ्यात टाका. थिनर, ऑइल पेंट आणि शिशाचे पोपडे मात्र घातक कचरा घेणाऱ्या यंत्रणेकडेच द्यावेत.

८. काही बिघडलेच तर

थिनर किंवा टर्पेंटाइन पोटात गेले, तर उलटी करवू नका. उलटताना ते फुप्फुसात शिरते आणि खरा घात तिथे होतो. डोळ्यात उडाले, तर पापणी उघडी धरून पंधरा मिनिटे तरी वाहत्या पाण्याखाली धरा. हात थिनरने धुऊ नका, खायच्या तेलाने रंग सोडवा आणि मग साबण लावा. एअरलेस स्प्रे गनचा, म्हणजे प्रचंड दाबाने रंग फेकणाऱ्या यंत्राचा, फवारा बोटात घुसला, तर जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही. तरी ती शस्त्रक्रियेची तातडी आहे, त्याच क्षणी निघा. मुलाने पोपडे खाल्ल्याचा किंवा धुळीत खेळल्याचा संशय असेल, तर लक्षणांची वाट न पाहता रक्तातले शिसे तपासून घ्या. दवाखान्यात जाताना डबा किंवा त्याच्या लेबलचा फोटो सोबत न्या, कारण उपचार त्यातल्या घटकांवरून ठरतात.