पोस्ट-पंकच्या रेकॉर्ड्स गोळा करताय? आधी या चुका टाळा

सोलापुरात पोस्ट-पंक, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या शेवटी पंक रॉकमधून फुटलेलं ब्रिटिश संगीत, ऐकणारे मोजके, त्यात रेकॉर्ड्स घेणारे त्याहून मोजके. तरी नवीन माणूस आला की चुका मात्र त्याच करतो. जॉय डिव्हिजन या बँडचा टी-शर्ट आधीच अंगात असतो, पगार झाला की त्यांच्या अल्बमबद्दल पहिला प्रश्न येतो, "'अननोन प्लेझर्स'ची फर्स्ट प्रेस (पहिल्या छपाईची प्रत) कुठं मिळेल?" प्लेअर कुठला, सुई कधी बदलली, असं विचारलं की शांतता. दुर्मिळ प्रत ही सगळ्यात शेवटी घ्यायची गोष्ट आहे. ज्यावर ती वाजणार ते यंत्र आधी नीट करा. हे तोंडी सांगून दमलो, म्हणून आता लिहितो.

६० हर्ट्झचा प्लेअर ५० हर्ट्झवर

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लवकर लक्षात येत नाही, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर सांगतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने पाठवलेला जुना बेल्ट-ड्राइव्ह प्लेअर असतो, ११० व्होल्टचा. आपण स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावतो. प्लेअर जळत नाही, तबकडी फिरते, काम झालं असं वाटतं. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सीला हात लावत नाही. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०ची. अशा बऱ्याच जुन्या प्लेअरमध्ये सिंक्रोनस मोटर असते आणि तिचा वेग त्या फ्रिक्वेन्सीवरच ठरतो. मग मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी जेमतेम २८ होतात. पेटीवर सांगायचं तर काळी एकचं गाणं उतरून खालच्या काळी पाचच्याही किंचित खाली जातं.

आमच्या ओळखीच्या एका पोराकडे असाच प्लेअर आला. त्यावर त्याने 'अननोन प्लेझर्स' लावली आणि पुढचे कित्येक महिने तो सगळ्यांना सांगत होता, "अण्णा, तुम्ही एकदा ऐका की. फोनवर इयान कर्टिसचा आवाज असा घुमतच नाही. व्हायनल ते व्हायनलच." आता कर्टिस म्हणजे जॉय डिव्हिजनचा गायक, त्याचा आवाज मुळातच खर्जातला. निर्माता मार्टिन हॅनेट, त्याने ढोलांभोवती मोठी, थंड पोकळी ठेवलेली. असलं संगीत हळू वाजलं तरी कानाला खटकत नाही, उलट जास्तच गंभीर वाटतं. लताबाईंचं गाणं लावलं असतं तर घरातली आजीसुद्धा पहिल्या ओळीला म्हणाली असती की काहीतरी बिघडलंय.

बिंग फुटलं ते गँग ऑफ फोर या बँडमुळे. पोरगा म्हणायला लागला की त्यांचा 'एंटरटेन्मेंट!' सुस्त आहे, त्यात मजा नाही, लोक उगाच डोक्यावर घेतात. १९७९चा तो अल्बम म्हणजे नुसती धार. अँडी गिलची गिटार तुकड्या-तुकड्यांनी कापत जाते आणि खाली बास (बास गिटार) फंक संगीतासारखा उसळतो. तो कुणाला सुस्त वाटला तर दोष बँडमध्ये नाही. पण या गड्याने प्रेसिंगला (रेकॉर्डच्या छपाईला) दोष दिला आणि दुसरी प्रत मागवली. तीही तशीच वाजली. तेव्हा कुठं मला बोलावलं.

मी अशा वेळी एकच गोष्ट करतो. रेकॉर्डच्या लेबलवर कागदाची चिठ्ठी चिकटवायची, सुई उचललेली ठेवायची आणि तीन मिनिटं फेऱ्या मोजायच्या. बरोबर १०० भरल्या पाहिजेत. त्याच्या भरल्या ८३. फोनवर वेग मोजणारी अ‍ॅप्स मिळतात, पण मला मोजणं बरं वाटतं, कारण आकडा समोरच्याने स्वतः मोजलेला असतो आणि मग वाद उरत नाही.

उपाय होता मोटरची पुली. ५० हर्ट्झला मोटर हळू फिरते, म्हणून पुली त्याच प्रमाणात, म्हणजे सहाला पाच या हिशेबाने, जाड हवी. काही कंपन्यांच्या तशा तयार पुल्या मिळतात, याची मिळाली नाही. शेवटी अक्कलकोट रोड एमआयडीसीत पॉवरलूमचे सुटे भाग करणाऱ्या एका लेथवाल्याकडे गेलो. जुनी पुली मापाला दिली, ३३ आणि ४५ फेऱ्यांचे असे दोन टप्पे हवेत म्हणून सांगितलं. त्याने बेल्ट दोन बोटांत धरून त्याची जाडी पाहिली आणि म्हणाला, "मालक, मधे जरा उंचवटा ठेवतो, सपाट केली तर बेल्ट उतरणार. आणि बेल्टची जाडी हिशेबात धरा, नाहीतर पुन्हा चुकेल." रेकॉर्ड प्लेअर त्याने आधी उघडून पाहिला नव्हता, पण माग आणि पट्टे यांच्यात त्याचं आयुष्य गेलंय. पितळेची पुली बसवली, १०० फेऱ्या भरल्या, आणि पोराने पहिल्यांदा खरी 'एंटरटेन्मेंट!' ऐकली. ती लगेच त्याची आवडती झाली.

तेव्हा बाहेरून प्लेअर घेताना मोटर कुठली ते आधी विचारा. क्वार्ट्झ लॉक (वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर नाही, क्वार्ट्झवर ठरतो) असलेल्या डायरेक्ट-ड्राइव्हला, म्हणजे बेल्टशिवाय थेट मोटरवर फिरणाऱ्या प्लेअरला, ही अडचण येत नाही. आणि वेगाचंच बोलतोय तर पब्लिक इमेज लिमिटेड (पीआयएल) या बँडचा 'मेटल बॉक्स' (१९७९) पत्र्याच्या डब्यातल्या तीन बारा इंची रेकॉर्ड्सवर निघाला, त्या ४५ वर वाजवायच्या. बारा इंची दिसली की ३३ लावायची सवय मोडा.

फोनो प्रीअँपशिवाय जोडणी

प्लेअरची वायर थेट अँप्लिफायरच्या ऑक्स इनपुटला खोचतात आणि म्हणतात, "व्हायनलचा आवाज बारीक असतो." रेकॉर्ड कापतानाच खालचे सूर दाबलेले आणि वरचे वाढवलेले असतात, आरआयएए नावाच्या ठरलेल्या प्रमाणात. ते पुन्हा सरळ करायचं काम फोनो प्रीअँपचं. तो नसेल तर सगळ्यात आधी बास जातो. पोस्ट-पंकमधून बास गेला तर राहिलं काय? जॉय डिव्हिजनचा पीटर हुक बासच्या वरच्या पट्टीत गाण्याची मुख्य धून वाजवतो. पीआयएलच्या जाह वॉबलचा बास डबमधून, म्हणजे रेगेतून निघालेल्या संगीतातून आलेला, त्यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड्स त्यावरच उभ्या आहेत. तेव्हा रेकॉर्ड्सचं बजेट थोडं कापा आणि साधा का होईना, प्रीअँप आधी घ्या. प्लेअरमध्येच प्रीअँप असेल तर मागचं बटण 'लाइन'वर ठेवून ऑक्सला जोडा. 'लाइन'वर ठेवून पुन्हा फोनो इनपुटमध्ये घातलात तर आवाज फाटेल.

फर्स्ट प्रेसचा हट्ट

याचा मला खरोखर त्रास होतो. 'अननोन प्लेझर्स' जून १९७९ मध्ये फॅक्टरी रेकॉर्ड्सने काढली, नंबर फॅक्ट १०. पीटर सॅव्हिलचं काळं कव्हर, त्यावर सीपी १९१९ या पल्सार ताऱ्याच्या रेडिओ लहरींचा आलेख, पुढच्या बाजूला बँडचं नावसुद्धा नाही. विकणारा म्हणतो, "कव्हर खरखरीत आहे, म्हणजे ओरिजिनल." पहिल्या प्रतींचं कव्हर खरखरीत होतं हे खरं, पण नंतरच्या प्रतीही तशा कव्हरात आल्यात. नुसत्या बोटाच्या भरवशावर पैसे मोजू नका. मागे बारकोड असेल तर ती १९७९ची प्रत नाही. १८० ग्रॅमचा स्टिकर असेल तर ती अलीकडची आहे. आणि खरी ओळख पटते लेबलशेजारच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेल्या मॅट्रिक्स नंबरावरून. तिचा तिरप्या उजेडात काढलेला फोटो मागा आणि डिस्कॉग्स या रेकॉर्ड्सच्या वेबसाइटवरच्या नोंदीशी एकेक अक्षर ताडून बघा. विक्रेता फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर विषय तिथंच संपवा. मी स्वतः दोन्ही बाजूंचे फोटो आल्याशिवाय भावाचं बोलतच नाही, मग प्रत हातची गेली तरी चालेल.

आणि घाई कशाला? चांगली रीइश्यू, म्हणजे नंतर पुन्हा काढलेली प्रत, स्वच्छ वाजते. आधी सहा महिने ती ऐका. कुठल्या बाजूचं कुठलं गाणं कानात राहतं ते कळू द्या, मग जुन्या प्रतीमागे लागा. न ऐकता, भाव वाढेल म्हणून पॅकबंद ठेवणाऱ्यांशी मला या विषयावर बोलायचंच नसतं.

'सगळं जॉय डिव्हिजनवरून आलंय'

चर्चेत हमखास होणारी चूक. इंटरपोल या बँडबद्दल बोलताना हे चालून जाईल. पण गँग ऑफ फोरचा वारसा वेगळ्या वाटेने गेला. रेड हॉट चिली पेपर्स या अमेरिकन बँडच्या १९८४च्या पहिल्या अल्बमचा निर्माता अँडी गिलच होता. द स्लिट्स या बँडचा 'कट' (१९७९) ज्याने घडवला तो डेनिस बोव्हेल रेगे आणि डबमधला माणूस. ती रेकॉर्ड ऐकताना जमैकाचं किंग्स्टन आणि लंडन दोन्ही ऐकू येतात. पंक संपलं आणि मग हे सुरू झालं, असंही नाही. वायर या बँडचा 'पिंक फ्लॅग' १९७७चा, पंक बँड सेक्स पिस्टल्सचा स्टुडिओ अल्बम आला त्याच वर्षीचा. कोण कुणासारखा वाजतो यावर ठाम बोलायच्या आधी ढोल आणि बास वेगळे ऐकायची सवय लावा. गायकाच्या आवाजावरून वंशावळ काढली की ती चुकतेच.

आता बाकीच्या, भराभर.

सुई उडते म्हणून हेडशेलवर (दांड्याच्या टोकावर) नाणं ठेवू नका. बऱ्याचशा मॅग्नेटिक कार्ट्रिजना (सुई बसवलेल्या डबीला) दोन ग्रॅमच्या आसपासचा भार पुरतो. नाण्याने खाचा झिजतात, आणि झिजलेली खाच परत येत नाही. सुटकेसमधले स्वस्त प्लेअर मुळातच जड सुईचे असतात, त्यावर दुर्मिळ प्रत लावू नका. आजोबांच्या एचएमव्ही फिएस्टावर तर नाहीच. तो जपा, त्यावर घरातल्या जुन्या रेकॉर्ड्स वाजवा.

टॉवेलने पुसू नका. सोलापूरचा टेरी टॉवेल अंग पुसायला जगात भारी आहे, रेकॉर्डवर मात्र तो धागे सोडतो. कार्बन फायबर ब्रश घ्या. धुवायला बोअरचं पाणी वापरू नका, वाळलं की खाचांत क्षार बसतात आणि कडकड सुरू होते. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, ते आणा. अल्कोहोल मिसळलेलं क्लीनर मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डला कधीही लावू नका, लाख त्यात विरघळते.

रेकॉर्ड्स आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. माळ्यावर नको आणि पत्र्याच्या खोलीत तर अजिबात नको.

शेवटचं, आणि आपल्या गावाला सगळ्यात लागू. एप्रिल-मेमध्ये पार्सल मागवू नका. बाहेर पारा बेचाळीस-त्रेचाळीसला असतो, बंद टेम्पोत आणि गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त. तेवढ्यावर व्हायनल मऊ पडायला लागतं. विक्रेत्याला पैसे द्या आणि पार्सल जूनमध्ये, पाऊस पडल्यावर पाठवायला सांगा. बहुतेक जण ऐकतात. नवी पेठेतून रेकॉर्ड घेऊन निघालात तर वाटेत चहाला थांबताना पिशवी बरोबर आत न्या, सीटवर ठेवू नका. आणि रेकॉर्ड वाकलीच तर दोन काचांमध्ये धरून उन्हात ठेवायचा व्हिडिओवरचा उपाय करू नका. तबकडी सपाट होईलही, पण मऊ झालेल्या खाचा दबतात आणि पुढे कायम सळसळ येते. थोडी वाकलेली रेकॉर्ड सुई न उडता वाजत असेल तर तशीच वाजवा. सुई उडत असेल तर दुसरी प्रत शोधा.