मासेमारी बोटीवरील बॅटरी: या चुका टाळा

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि बोटी ओढून, शाकारून ठेवल्या जातात. ऑगस्टमध्ये इंजिनाचा सेल्फ (स्टार्टर) फिरत नाही, तेव्हा सगळे खापर बॅटरीवर फुटते. नुकसान मात्र त्या दोन महिन्यांतच झालेले असते. लेड-ॲसिड बॅटरी वापरली नाही तरी आपोआप उतरत राहते आणि तशीच पडून राहिली, तर तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण थर जमतात, जे नंतर कितीही चार्जिंग केले तरी पूर्णपणे निघत नाहीत. म्हणून बोट वर घेताना बॅटरी काढून पूर्ण चार्ज करावी, हवेशीर सावलीत ठेवावी आणि दर महिन्याला मल्टिमीटरने तपासावी. काही तास विसावलेली, पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. आकडा १२.४ च्या खाली गेला की पुन्हा चार्ज करावे.

पाणी भरण्याची वेळही बहुतेक जण चुकवतात. चार्ज होताना आतील द्रावणाची पातळी वाढते, त्यामुळे आधीच काठोकाठ भरलेल्या सेलमधून (बॅटरीच्या आतील कप्प्यांतून) ॲसिड बाहेर सांडते. प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर त्या बुडतील इतकेच पाणी चार्जिंगपूर्वी घालावे आणि खुणेपर्यंत नंतर भरावे. पाणी फक्त डिस्टिल्ड असावे. वरून ॲसिड कधीही घालू नये, कारण बाष्पीभवनाने आणि चार्जिंगने कमी होते ते पाणी.

सर्वांत महाग पडणारी चूक २४ व्होल्टच्या बोटींवर होते. दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या असताना वायरलेस किंवा फिश फाइंडरसाठी त्यांतल्या एकीवरूनच १२ व्होल्ट घेतले जातात. ती बॅटरी रोज अधिक उतरते, पण अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालणारे वीज बनवणारे यंत्र, दोघींना एकत्रच चार्ज करतो. परिणामी एक कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी जादा चार्ज होऊन पाणी गमावते. अशा वेळी निकामी झालेली एकच बॅटरी बदलली, तर नवीही त्याच वाटेने जाते. २४ वरून १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवावा आणि बॅटऱ्या जोडीनेच बदलाव्यात. हा खर्च टाळण्यात कसलीही बचत नाही, असे माझे ठाम मत आहे.

सेल्फ मंद फिरला, तर बॅटरी विकत घेण्यापूर्वी जोडणी तपासावी, कारण खाऱ्या हवेत क्लॅम्प आणि केबल आतून गंजतात. सहकाऱ्याला सेल्फ मारायला सांगून मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या खांबावर (टर्मिनलवर) आणि दुसरे त्याच खांबावरच्या क्लॅम्पवर धरावे. आकडा शून्याच्या जवळ असायला हवा; अर्धा व्होल्ट दिसला, तर दोष त्या सांध्यात आहे. क्लॅम्प घासून, घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावावी. केबल सोडताना आधी निगेटिव्ह आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी, हा क्रम मोडू नये, कारण पॉझिटिव्ह सोडताना पान्हा इंजिनाला टेकला, तरी मग ठिणगी पडत नाही.

ठिणगीची ही धास्ती अनाठायी नाही. चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले तरी तो पेट घेऊ शकतो. म्हणून बंद इंजिनघराचे झाकण उघडून, हवा खेळू देऊन मगच तिथल्या कामाला हात घालावा. इंजिन चालू असताना बॅटरीचा मुख्य स्विच बंद केल्यास अल्टरनेटरचे डायोड जळतात, हे प्रत्येक खलाशाला माहीत असले पाहिजे. बॅटरीची पेटी तळातल्या पाण्यापासून उंच, पट्ट्याने बांधलेली असावी. समुद्राचे पाणी सेलमध्ये शिरले, तर विषारी क्लोरीन वायू तयार होऊ शकतो. तसा उग्र वास आल्यास आधी माणसे डेकवर काढावीत.