केमोल्डला पहिल्यांदा जाताय? मग थोडं वाचून जा

मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी बघून झालं की आपण सरळ स्टेशन गाठतो, पण तिथनं पंधरा मिनिटं चालत फोर्टातच प्रेस्कॉट रोडवर क्वीन्स मॅन्शनमध्ये केमोल्ड ही चित्रांची गॅलरी आहे, तिसऱ्या मजल्यावर, आणि तिकीट वगैरे काही नाही. खालून बघितलं तर आत गॅलरी असेल असं वाटतच नाही, म्हणून मी दोनदा जिन्यापासून परत आलोय! तुम्ही नका येऊ, बिनधास्त वर जा, कुणी "काय घ्यायचंय" असं विचारत नाही.

जाण्याआधी एवढं माहीत असलं तर मजा येते. मुळात हा फ्रेमचा धंदा. केकू गांधींनी १९४१ मध्ये सुरू केला, केमिकल मोल्डिंगवरून नाव केमोल्ड. फ्रेम करायला हुसेन, आरा असे तेव्हाचे तरुण चित्रकार यायचे, त्यांची चित्रं दुकानात लागायला लागली, आणि १९६३ मध्ये केकू आणि खोर्शेद गांधींनी जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी काढली. इथे प्रेस्कॉट रोडला आली ती २००७ मध्ये. जहांगीरमध्ये चित्रकार भाडं भरून साधारण आठवडाभर हॉल घेतो, त्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसतो. इथे तसं नाही, गॅलरीच कलाकार निवडते, त्याच्यामागे उभी राहते आणि चित्र विकलं की आपला वाटा घेते. आज नावाजलेले चित्रकार असलेल्या घाटकोपरच्या अतुल डोडियांचा पहिला सोलो शो (एकट्याचं प्रदर्शन) १९८९ मध्ये केमोल्डनेच केला, आता बोला.

आत गेल्यावर भिंतीवरचं मोठं टिपण लगेच वाचू नका (अर्धं डोक्यावरून जातं, माझं तर हमखास). आधी एक चक्कर मारा, मग जिथे पाय अडकतो तिथे पाच मिनिटं थांबा, जवळ जाऊन बघा की हे ऑइल आहे, कापड आहे, का पत्रा. सॅक पुढे घ्या, कारण कधीकधी काम जमिनीवरच मांडलेलं असतं, एका गॅलरीत माझा पाय पडतापडता वाचलाय. "याचा अर्थ काय" विचारण्यापेक्षा "हे कसं बनवलंय" विचारा, डेस्कवरची मंडळी खुलून बोलतात. किमतीची यादी मागायलाही लाजू नका, आकडे वाचून घाम फुटेल तो वेगळा. आणि जमलं तर ओपनिंगच्या संध्याकाळी जा, बऱ्याचदा चित्रकार स्वतः तिथेच कुठेतरी कोपऱ्यात अवघडून उभा असतो.