शुगरच्या सरकारी कार्यक्रमावर गावातून नजर कशी ठेवायची

एकतीस वर्षं मी प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधाच्या खिडकीच्या आत बसलो. आता निवृत्त आहे, आणि उपकेंद्राच्या जन आरोग्य समितीवर, म्हणजे उपकेंद्राच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या गावकऱ्यांच्या समितीवर, माझं नाव आहे. मधुमेहाचा कार्यक्रम नीट चाललाय की नुसता कागदावर आहे हे कसं ओळखायचं, असं लोक विचारतात. मी म्हणतो, औषधाच्या साठा नोंदवहीपासून सुरुवात करा.

आधी कोणाला विचारायचं ते पक्कं करा, नाहीतर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. सार्वजनिक आरोग्य हा घटनेनुसार राज्याचा विषय. केंद्र सरकारने २०१० मध्ये कर्करोग, मधुमेह, हृदयरोग आणि पक्षाघातासाठी कार्यक्रम सुरू केला, २०२३ मध्ये त्याचं नाव बदलून तो असंसर्गजन्य रोगांचा कार्यक्रम झाला. पैसा केंद्र ६० आणि राज्य ४० या प्रमाणात येतो, पण माणसं, औषधं आणि देखरेख राज्याची. त्यातही प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण रुग्णालय मात्र जिल्हा शल्य चिकित्सकांकडे. दोघांच्या वर आरोग्य मंडळाचे उपसंचालक, एका मंडळात काही जिल्हे. अशी आठ मंडळं राज्यात आहेत.

आता आकडे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तपासणी व्हायची असते. आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरतात: वय, कंबरेचा घेर, तंबाखू, व्यायाम, घरात कोणाला शुगर. त्या उत्तरांचे गुण चारच्या वर गेले की त्या माणसाला आधी बोलवायचं. बोटातून रक्त घेऊन साखर १४० किंवा वर आली तर डॉक्टरकडे पाठवायचं. भाषणात ऐकू येतो तो ‘इतक्या लाखांची तपासणी’ हा आकडा. मी तो शेवटी बघतो. तुम्ही चार आकडे एका ओळीत मागा: तपासले किती, संशयित किती, निदान पक्कं झालं किती, आणि गेल्या महिन्यात गोळी घेऊन गेले किती. कुठल्या पायरीवर माणसं गळली ते तिथेच दिसतं. तपासणीत संशयित निघालेले दोनशे आणि पुढे डॉक्टरपर्यंत पोचलेले चाळीस, तर दोष आशाताईंचा नसतो. केंद्रावर डॉक्टर कोणत्या वारी भेटतात ते विचारा.

गोळी न नेणारा प्रत्येक जण औषध सोडलेला नसतो, हेही ध्यानात ठेवा. काही जण खासगीत जातात. आमच्याकडे दिवाळीनंतर निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते. त्यांना निघताना किती दिवसांच्या गोळ्या दिल्या, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो कोणी विचारत नाही.

मग साठा. समजा केंद्राकडे शुगरचे ६० रुग्ण नोंदले आहेत आणि बहुतेकांना मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी दिवसाला दोन. महिन्याला ३,६०० गोळ्या लागणार. नोंदवहीत तीन महिन्यांत आधीची शिल्लक धरून आवक ४,००० दिसली, आणि तरी ‘सर्व रुग्णांना नियमित उपचार’ असा अहवाल वर गेला, तर दोन्हींपैकी एक खोटं आहे. मागणीपत्राची तारीख आणि औषध आल्याची तारीख शेजारी लिहा. मागणीच उशिरा गेली असेल तर आरोग्य केंद्राला विचारायचं. मागणी वेळेवर गेली आणि माल आला नाही, तर प्रश्न जिल्ह्याच्या औषध भांडाराचा किंवा त्याहून वरचा, मुंबईतल्या खरेदीचा. राज्याने खरेदीसाठी २०२३ मध्ये वेगळं प्राधिकरणच केलं आहे.

तपासणीची वही मिळाली तर अक्षराकडे आणि आकड्यांकडेही बघा. ग्लुकोमीटर (बोटाच्या रक्तातली साखर मोजायचं यंत्र) ९७ दाखवतो, १४३ दाखवतो, कधी २८१. मी काम केलेल्या एका केंद्रात ऑक्टोबरात त्याच्या रक्त घ्यायच्या पट्ट्या संपल्या, पण वहीत तपासण्या चालूच होत्या: ११०, १२०, ११०, १३०, सगळे गोल आकडे, एकाच शाईत. मी पाहिलं, आणि बोललो नाही. पट्ट्या माझ्याच कपाटातून जायच्या.

वही दाखवत नसतील तर माहितीचा अधिकार आहेच. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. ‘का’ विचारू नका, कागद मागा. मी असं लिहितो: (ग्लिमेपिराइड ही शुगरचीच दुसरी गोळी) ‘गेल्या बारा महिन्यांतील मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांच्या साठा नोंदवहीच्या पानांच्या, तसेच याच औषधांच्या मागणीपत्रांच्या प्रती मिळाव्यात.’ रुग्णांची नावं मागू नका. ती मिळणार नाहीत, मिळूही नयेत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, आणि तिथेही काही झालं नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोग.

बाहेरून औषध आणायला दिलेली चिठ्ठी फेकू नका. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. म्हणून शिल्लक शून्य असल्याच्या तारखेची अशी चिठ्ठी नोंदवहीच्या प्रतीला टाचली की वेगळं काही सांगावं लागत नाही.

हे सगळं घेऊन थेट मंत्रालयात जाऊ नका. आधी जन आरोग्य समिती, मग आरोग्य केंद्राचा निधी सांभाळणारी रुग्ण कल्याण समिती. चार-सहा हजार गोळ्यांची स्थानिक खरेदी तिथल्या निधीतून होऊ शकते, आणि डॉक्टरलाही ते बरं पडतं. तिथे हललं नाही तर ग्रामसभेचा ठराव करून तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी या दोघांना एकाच दिवशी पत्र द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. ‘साहेब बाहेर गेलेत, ठेवून जा’ म्हणतील. आवक-जावकचा लिपिक कुठे बसतो ते विचारा. शिक्का त्याच्याकडे असतो.