ट्रेलर पारखायचे कसे: सुपरहिरोपट सुरू होण्याआधीची वीस मिनिटं

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण शीत आपण स्वतः पातेल्यातून उचलतो. ट्रेलरमध्ये शितं निवडून देणारा भात विकणाराच असतो. शिवाय मोठ्या हॉलिवूडपटांचे ट्रेलर सहसा सिनेमाचा संकलक कापत नाही. ते काम वेगळ्या कंपन्या करतात, आणि तेही बऱ्याचदा पार्श्वसंगीत नि व्हीएफएक्स (संगणकावर घडवलेली दृश्यं) पूर्ण होण्याआधी. म्हणून प्रत्येक ट्रेलरला दोन वेगळ्या खात्यांत गुण द्या, प्रत्येकी दहापैकी. एक, दोन मिनिटांची चीज म्हणून ती किती जमलीय याचा. दुसरा, त्यातून सिनेमाबद्दल खरोखर काही कळलं का, याचा. दोन्हींची बेरीज करायची नाही.

तिकिटावरची वेळ ही जाहिराती सुरू होण्याची वेळ असते. ट्रेलर त्या जाहिरातींमध्येच विखुरलेले असतात, तेव्हा पॉपकॉर्नची रांग आधी उरका आणि छापील वेळेला खुर्चीत बसा. पडद्यापासून मोजत दोन तृतीयांश मागे आणि मधोमध जागा मिळाली तर उत्तम, कारण चित्रपटगृहाचा आवाज साधारण त्याच भागात बसून जुळवलेला असतो. पहिल्या तीन रांगांतून कुठलाही ट्रेलर भव्य वाटतो आणि कुठलीही मारामारी गोंधळाची.

थ्रीडी खेळ असेल तर चष्मा लगेच चढवू नका. ट्रेलर बहुधा टूडी असतात आणि चष्मा बराच उजेड खातो. मग ‘ट्रेलर फार काळोखा आहे’ असा शेरा मारला जातो, आणि दोष मात्र नाकावरच्या चष्म्याचा असतो. पडद्यावर चित्र दुहेरी दिसू लागलं, की मगच चष्मा घाला.

ट्रेलरच्या सुरुवातीला दिसणारं प्रमाणपत्र त्या ट्रेलरचं असतं, सिनेमाचं नव्हे. त्यामुळे ‘यूए’ पाहून मुलांना त्या सिनेमाला न्यायचं आताच ठरवू नका.

आता खरी पारख. ट्रेलर संपताच मनात एक वाक्य करा: कोणाला काय हवंय आणि आड कोण येतंय? ‘जग धोक्यात आहे’ याला शून्य गुण, कारण सुपरहिरोपटात जग धोक्यात असतंच. वाक्य सहज झालं तर दोन्ही खात्यांत गुण. पण त्यापुढे शेवटची लढाई कुठे, कोणाकोणात आणि कोणाच्या मदतीने होणार हेही सांगता येत असेल, तर पहिल्या खात्यातून तीन कापा. हे ओळखायला पोशाख बघा. फाटलेला सूट, तोंडावर धूळ, पडलेल्या इमारती आणि आधी भांडणारे दोघं शेजारी उभे, असं दिसलं की तो मसाला शेवटच्या अर्ध्या तासातला समजा. ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’च्या डिसेंबर २०१५ मधल्या ट्रेलरने शेवटचा राक्षस आणि त्याच्यासमोर एकत्र उभे तीन नायक दाखवून टाकले होते. सिनेमा आला मार्च २०१६ मध्ये.

दुसरी तपासणी ओठांची. वाक्य ऐकू येतंय, पण पडद्यावर बोलणाऱ्याची पाठ आहे, मुखवटा आहे किंवा भलत्याच कोणाचा चेहरा आहे? मग ते वाक्य बहुधा दुसऱ्या प्रसंगातून उचलून इथे शिवलंय. मुखवट्याच्या नायकांमुळे या प्रकारात ही शिलाई फारच सोपी जाते. विनोदालाही हेच लागू: विनोद एका खोलीत आणि त्यावर हसणारा चेहरा दुसऱ्याच उजेडात असेल, तर सिनेमात तो विनोद तसा नसेल असं धरून चाला. अशा शिलाया तीनपेक्षा जास्त दिसल्या तर दुसऱ्या खात्यात अर्धेच गुण.

दृश्य दिसलं म्हणजे ते सिनेमात असेलच, असंही नाही. ‘स्पायडर-मॅन: होमकमिंग’च्या ट्रेलरमध्ये आयर्न मॅन नि स्पायडर-मॅन शेजारीशेजारी झेपावतात, सिनेमात ते दृश्य नाही. ‘अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’च्या ट्रेलरमध्ये वाकांडा या काल्पनिक देशातल्या रणात हल्क धावतो, सिनेमात तिथे तो नाही. कायद्याचा आधारही मिळत नाही. ‘फॅन’ या हिंदी सिनेमाच्या जाहिरातीतलं गाणं सिनेमात नव्हतं म्हणून तेव्हाच्या औरंगाबादच्या एका शिक्षिकेने ग्राहक मंचात तक्रार केली होती. राज्य आयोगाने भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगाने ती कायम केली, पण एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला: ट्रेलर म्हणजे वचन नव्हे. रसिक म्हणून हा निकाल खटकू शकतो, पण पारख करताना तो उपयोगी आहे.

सगळ्यात जास्त फसवतो तो आवाज. मोठा ‘ब्रॅम’ असा भोंगा, मग क्षणभर शांतता, मग जुन्या गाण्याची संथ, कुजबुजती आवृत्ती, आणि शेवटी ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला एक दृश्य. हे संगीत कित्येकदा ट्रेलरपुरतंच घेतलेलं असतं, सिनेमाशी त्याचा संबंध नसतो. उपाय साधा आहे. मधल्या धुमश्चक्रीत दहा सेकंद कान बोटांनी बंद करा. नुसत्या चित्रांवर कोण कोणाशी का लढतंय हे कळलं तर संकलन पक्कं. पुढची दहा सेकंदं डोळे मिटा. नुसती वाक्यं ऐकून ती कुठल्याही सिनेमात खपली असती असं वाटलं, तर दोन गुण कमी.

व्हीएफएक्सला गुण देताना घाई नको. रिलीज सहा महिन्यांवर असेल तर काम अर्धवट असू शकतं. ‘सॉनिक’ सिनेमाचा २०१९चा पहिला ट्रेलर पाहून लोकांनी एवढा ओरडा केला, की संगणकावर घडवलेल्या मुख्य पात्राचा चेहराच बदलला आणि सिनेमा २०२० वर गेला. म्हणून रंग-पोत सोडा, वजन बघा: उडी मारून जमिनीवर टेकताना गुडघे वाकतात का, पायाखाली सावली आहे का, चेहऱ्यावरचा उजेड मागच्या आभाळाशी जुळतो का. पोत पुढे सुधारतो. वजन चुकलं असेल तर ते बहुधा हालचालीच्या आखणीतच चुकलेलं असतं.

हिंदी डबिंगच्या खेळाला ट्रेलरही बहुधा हिंदीतच लागतात. त्यांवरून अभिनयाला गुण देऊ नका, तो आवाज दुसऱ्याचा असतो.

गुण लिहायला मोबाइल उघडू नका; मागच्या रांगेचा शाप लागेल. ट्रेलरचं नाव आणि एक शब्द एवढंच लक्षात ठेवा, ‘अमुक – शिवलेला’, ‘तमुक – वजन’, आणि मध्यंतरात लिहून काढा. हॉलिवूडपटाचं मध्यंतर आपल्याकडे घातलेलं असतं, ते प्रसंगाच्या ऐन मध्यातही येतं, आणि त्यानंतर आणखी एखादा ट्रेलर लागू शकतो. पाच मिनिटं आधी परत या.

शिट्ट्या-टाळ्यांनी भरलेल्या सभागृहात दिलेले गुण चढेच असतात. नुसत्या बोधचिन्हालाही इथे टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी तोच ट्रेलर मोबाइलवर आवाज बंद करून एकदा बघा. पहिल्या खात्यात दोनपेक्षा जास्त फरक पडला तर दुसऱ्या दिवसाचा आकडा धरा.

मुख्य सिनेमाच्या प्रमाणपत्रावर मिनिटं लिहिलेली असतात, ती मात्र नीट वाचा. ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’सारखा १८१ मिनिटांचा सिनेमा असेल, तर त्यात मध्यंतराची पंधरा मिनिटं मिळवा. श्रेयनामावलीनंतर एखादा प्रसंग असेल, तर तो प्रमाणपत्रावरच्या मिनिटांतच धरलेला असतो. शेवटची लोकल त्याआधी सुटत असेल, तर पुढच्या वेळी दुपारचा खेळ घ्या.